माहेरचं तेल आणि लाकडी नंदी

सुभद्राबाईला माहेरच्या वस्तूंचा भारी अभिमान. काटोलकडची चटणी असो की घाण्याचं जवसाचं तेल, त्याच्यापुढे बाकी सगळं पाणी! आणि यंदा त्याच अभिमानानं तिचा घात केला.

तिचा नवरा रुपराव सक्करदऱ्यात तान्ह्या पोळ्याला पोरं सजवून मिरवतात ते लाकडी नंदी रंगवायचा. त्याआधी अर्धी हयात छापखान्यात शाई घोटण्यात गेलेली. पण उन्हाळ्यात लकवा मारला नि उजवा हात लुळा पडला. "माह्यं काम सरलं आता," म्हणून गडी जो भिंतीकडे तोंड करून बसला, तो बसलाच. त्या हातापेक्षा त्या बसण्याचीच सुभद्रेला धास्ती होती. जितं माणूस असं विझताना बघवतं का कुणाला?

तिनं ठरवलं, यंदा नंदी आपणच रंगवायचे. मोहल्ल्यातली पोरं तर आस लावूनच होती. रंगांची पूड होती, कपाटात नवऱ्याचं रिफाइंड जवसाचं तेल होतं. पण ते फिकं, बिनवासाचं. "सारं सत्त्व काढून घेतलेलं हे कसलं मेलं तेल!" म्हणत तिनं माहेरच्या तेलात रंग कालवला. नवऱ्याला विचारलं नाही. त्याची जखम कशाला उकरा?

नंदी दिसायला झकास झाले. पण तान्हा पोळा परवावर आला तरी रंग चिकटच! बोट लावलं की बोट लाल. एका नंदीच्या पाठीवर तर माशी अडकून बसली. पोरांना आता काय तोंड दाखवू, म्हणत सुभद्रा मटकन खाली बसली नि रडायला लागली.

तिचं रडणं ऐकून रुपराव भिंत धरत आला. त्यानं एक नंदी हुंगला.

"काहून वं, नंदीले फोडणी देऊन राहिली का?"

"माहेरचं सोन्यासारखं तेल हाय ते!"

"हाय ना, चटणीवर घ्याले. त्यातला चिकट गाळ काढल्याबिगर रंग सुकत नाही लवकर. शाईले बी रिफाइंडच लागते. मले काहून नाही विचारलं?"

"तुम्ही बोलत कुठं होते?"

रुपराव पाट ओढून तिच्याशेजारी बसला. तिनं टर्पेंटाइननं सगळे नंदी पुसून काढले. त्यानं सांगितलं तसं रिफाइंड तेल घेतलं, त्यात रंग सुकवायचं औषध थेंबभर टाकलं.

"पातळ हात मार वं, लिंपून नोको राहू! अन् त्या तेलाच्या चिंध्या ढिगानं टाकू नोको, पेट घेतात. पसरून ठेव."

दिवसभर तो रागावत होता. किती महिन्यांनी रागावत होता! सुभद्रेला ते बोलणं गोड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग सुकला. डोळे तेवढे राहिले. तिनं कुंचला त्याच्यापुढे धरला. "डोळे मले नाही जमत. तुम्हीच काढा."

त्यानं उजव्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या हातानं कुंचला घेतला. डोळा वाकडा उतरला. सुभद्रेला वाटलं, आता हा कुंचला फेकून पुन्हा भिंतीकडे वळणार!

रुपराव नंदीकडे बघत राहिला.

"तिरपा पाहून राहिला वं हा!" म्हणाला, आणि खो खो हसला. तिनं घाईनं चिंधी उचलली.

"पुसू नोको," रुपराव म्हणाला. "दुसरा आण."