धोंडीरामकाकांचा चार मिनिटांचा निरोप

माझी शाइस्ता खाला, म्हणजे मावशी, सोलापुरातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत सर्व्हर सांभाळायची. गावोगावी कंपनीचे बॉक्स, घरोघरी नेट पोचवणारे. गिऱ्हाइकानं पासवर्ड टाकला की बॉक्स सर्व्हरला विचारतो, "ह्याला आत घेऊ का?" सर्व्हर आधी विचारणाऱ्याकडेच बघतो. बॉक्सवर चिकटवलेलं नाव त्याला दिसत नाही. प्रश्न कुठल्या पत्त्यावरून आला, तो पत्ता यादीत आहे का, दोघांतला गुप्त शब्द जुळतो का, एवढंच. पत्ता यादीत नसला तर तो "नाही"सुद्धा म्हणत नाही. गप्प बसतो.

बार्शीचा बॉक्स धोंडीरामकाकांकडे. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून खालाला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप धाडायचे, चार-चार मिनिटांचे. घरी मी त्यांचा आवाज काढायचे, "म्याडम, हितं ऊन लई हाय बगा. म्हस आटली. तुमी जेवलासा न्हवं?" अम्मीला हसून ठसका लागायचा. खालाला तर जास्तच. मग तिनं खरे निरोप ऐकणंच सोडलं. म्हणायची, "तूच कर गं, तुझा छोटा असतो."

मे महिन्यात एका सोमवारी बार्शीतली सहाशे घरं बंद पडली. सुट्टी म्हणून मी खालाच्या ऑफिसात कूलरपुढं बसलेले. मालक सोमेश सर आले. "शाइस्ता, बेसिकली ही तिसरी वेळ. बेसिकली आज कुणाची तरी नोकरी जाणार."

खाला बार्शीच्या नोंदी चाळत होती. चुकीचा पासवर्ड एकही नाही, नकार एकही नाही. सव्वादहानंतर बार्शीनं काही विचारलंच नव्हतं. काकांचा फोन लागेना. दोन तास गेले.

"त्या धोंडीरामनंच काहीतरी केलंय," सर म्हणाले. "उद्यापासून येऊ नको म्हणून कळव त्याला."

कळवायला तिनं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. काकांचा सकाळचा निरोप तसाच पडलेला. तिनं लावला. ऊन. म्हैस. माझे ओठ सवयीनं हलायला लागले. तिसऱ्या मिनिटाला काका म्हणाले, "आनि म्याडम, जुनी लाइन तुटली म्हनून बॉक्स दुसऱ्या लाइनीवर घेतलाय. पत्ता बदललाय, आकडे सांगतो, यादीत घाला. इसरू नगा."

खालानं अनोळखी पत्त्यांची नोंद काढली. तेच आकडे, ओळीमागून ओळ, सकाळपासून विचारत होते. तिनं ते यादीत घातले. मिनिटभरात बार्शी सुरू.

"चूक कुणाची मग?" सरांनी विचारलं.

खालानं निरोप मोठ्या आवाजात पुन्हा लावला, पहिल्यापासून. सर म्हशीपाशी हसले. आकड्यांपाशी थांबले.

"माझी, सर," खाला म्हणाली.

खालाची नोकरी गेली नाही, सर्व्हरचं काम गेलं. आता ती गिऱ्हाइकांचे फोन घेते, पगार कमी. परवा जेवताना काकांचा पाच मिनिटांचा निरोप आला, "म्याडम, तुमी कुटं गेलासा? सर्वरवर कुनी दुसराच पोरगा हाय. त्यो माजं ऐकतच न्हाय की..."

खालानं घास खाली ठेवला आणि पाचही मिनिटं ऐकली. अम्मीनं सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी भात कालवत राहिले.