पूर्वेचं दुपारचं ऊन

गुणाजी परबच्या खोलीत दुपारचं ऊन पूर्वेकडून येतं. हसू नका, खरंच सांगतोय. जगाचा सूर्य मावळतीकडे कलायला लागला, की बरोब्बर तेव्हा ह्याच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत घुसतं ते थेट पलंगापर्यंत. तेही सकाळचं कोवळं नव्हे. पांढरंफट्ट, डोळे दिपवणारं, भिंतीला हात लावला तर झटकन मागे घ्यावा लागेल असलं.

ही सगळी करामत काचेची. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर ही चाळ, आणि रस्त्यापलीकडे ते भलंमोठं बिझनेस कॉम्प्लेक्स. बोर्डावर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण चाळीत त्याला सगळे नुसतं 'काच' म्हणतात. "काचेत लागला का रे तो?" "काचेसमोर थांबव रिक्षा." तिची चाळीकडची अख्खी बाजू खालपासून वरपर्यंत काचेची. दुपारचं ऊन तिच्यावर आपटतं आणि ती बया ते आत घेतच नाही, परत फेकते. फेकते कुणावर? चाळीवर. त्यातही सगळ्यात जास्त वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीवर, आणि ती खोली गुणाजीची.

आणि नशिबाची थट्टा बघा, गुणाजी त्याच काचेचा वॉचमन आहे. त्याचा बाप मालवणहून येऊन गिरणीत लागला होता. गिरणी बसली तेव्हा बापाचे झालेले हाल पाहून गुणाजीने ठरवलं, आपण कारखान्यात जायचं. एमआयडीसीत बॉलपेनच्या कारखान्यात मोल्डिंग मशीनवर त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. मग तो कारखानाही मालकाने विकला, पाडला, आणि त्या जागेवर काच उभी राहिली. एजन्सीने गुणाजीला निळा शर्ट आणि टोपी दिली. जिथे मशीन चालवलं तिथेच आता हा उभा राहतो. चाळीतली माणसं म्हणायची, नशीबवान आहेस रे, घरासमोर नोकरी. त्यालाही आधी तसंच वाटलं होतं.

नलिनी, त्याची बायको, मोठी हिकमती बाई. तिचा मालवणी मसाला चाळीतच काय, पार्ल्यापर्यंत जायचा. गेल्या मे महिन्यात ती दुपारची मिरच्या भाजायला बसली. समोर स्टोव्ह, पाठीवर काचेचं ऊन, आणि शेजाऱ्यांना ठसका नको म्हणून दार लोटलेलं. मिरच्या जळल्याचा वास आला म्हणून शेजारीण धावली, तर ही परातीशेजारी आडवी. अंग तापलेल्या तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. हॉस्पिटलात शुद्धीवर आली, पण पहिली नलू काही परत आली नाही. जरा वेळ बसली की चक्कर येते, मग आडवंच व्हावं लागतं. डॉक्टरांनी गुणाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या शरीराला आता उष्णता सोसवत नाही. दुसऱ्यांदा असं झालं, तर मी शब्द देऊ शकत नाही."

आता सांगा, ह्या माणसाने काय करावं? खिडकी एकच. बंद करावी तर खोलीचा कुकर होतो, उघडी ठेवावी तर ऊन. जाड पडदा लावला, तो तापला. ओली साडी टांगली, ती बघता बघता वाळून पापड झाली. एसी लावा म्हणून सांगणारे खूप. अरे, चाळीच्या वायरिंगवर दोन इस्त्र्या एकदम चालत नाहीत, एसी कसला लावता! मुलगी मानसी मुलुंडला, तिच्याकडे नलूला ठेवून पाहिलं. तिथे एका खोलीत सासू, सासरे, दोन पोरं. नलू आठवड्याने स्वतःच पिशवी भरून परत आली. गावचं घर भावकीच्या भांडणात कुलूपबंद पडलेलं. सगळे रस्ते फिरून गुणाजी परत त्या खिडकीपाशीच यायचा.

काचेत रुचिरा मॅडम होत्या. इमारत पर्यावरणाला किती सांभाळते, ते बघणं हे त्यांचं काम. पाहुणे आले की त्या लॉबीतल्या हिरव्या फलकापासून सुरुवात करायच्या. सांडपाणी शुद्ध करून झाडांना, गच्चीवर सोलर, पावसाचं पाणी टाक्यांत, आणि मग काचेला हात लावून म्हणायच्या, "ही काच उष्णता आत येऊच देत नाही. त्यामुळे आमचा एसी कितीतरी कमी चालतो." पाहुणे मान डोलवायचे. दारात उभा गुणाजी रस्त्यापलीकडच्या आपल्या खिडकीकडे बघायचा.

एकदा त्याने सगळी लाज गुंडाळून ठेवली आणि त्यांच्यापुढे हात जोडले. "मॅडम, एकदा माझ्या घरी या. दुपारच्या या."

बाई खरंच आल्या, हे मानलं पाहिजे. आल्या, खोलीत उभ्या राहिल्या, पलंगावर डोक्याला ओला पंचा बांधून पडलेल्या नलूकडे पाहिलं. नलूने तशातही सरबत विचारलं. बाईंचा चेहरा पार उतरला. "मी करते काहीतरी," म्हणाल्या. त्यांनी वरपर्यंत लिहिलं, डिझाइनवाल्यांना विचारलं, जाळी लावता येईल का, काचेवर काही चिकटवता येईल का. सगळीकडून एकच उत्तर आलं. काच नियमात बसते. इमारतीचा हिशोब इमारतीच्या कंपाउंडपर्यंत, पलीकडचं त्यात धरत नाहीत. हो, भिंतीलगत झाडं लावू म्हणाले. लावली पण. गुणाजीच्या गुडघ्याएवढी रोपं. ती त्याच्या खिडकीएवढी होईपर्यंत कोण जगतंय आणि कोण मरतंय!

"गुणाजी, मला माफ करा," रुचिरा मॅडम म्हणाल्या. तो म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार, मॅडम." आणि घरी जाऊन भिंतीला डोकं लावून बसला.

पुन्हा मे उजाडला. नलू दुपारी बडबडायला लागली. एकदा गुणाजीलाच म्हणाली, "आये, दार उघड गो." नवऱ्यालाच आई समजली होती ती. आणि त्याच दिवशी त्याने ठरवलं की हिला काचेतच आणायचं.

काचेच्या पुढ्यात बगीचा आहे. परवानगी मिळवताना तो लोकांसाठी मोकळा ठेवू असं कबूल केलं होतं म्हणे, म्हणून बोर्ड लावलाय, 'सर्वांसाठी खुले'. बारीक पाण्याचे फवारे, सावली, लॉबीचं दार उघडलं की गार हवेचा झोत. स्वर्ग आहे नुसता. पण सर्वांसाठी खुले म्हणजे बसायला, झोपायला नाही. बाकांना मधोमध लोखंडी दांडे घातलेत, कुणाला आडवं होता येऊ नये म्हणून. एवढी अक्कल ज्याने चालवली तो एक गोष्ट विसरला. मोठ्या झाडाभोवतीचा दगडी कट्टा सपाट राहिला. मग पार्सल पोचवणारी पोरं, ड्रायव्हर, दुपारचे तिथे लवंडायचे, आणि त्यांना उठवायचं काम कुणाचं? गुणाजीचं. "चला, उठा. साहेब बघतात." दिवसातून कितीदा म्हणायचा, त्याला मोजदाद नाही.

त्याच कट्ट्यावर, झाडाच्या पलीकडच्या अंगाला, त्याने नलूला आणून निजवलं. डोक्याखाली आपली डब्याची पिशवी दिली. कॅमेऱ्याच्या खोलीत लवू होता, त्याचाच दोस्त. त्याला सांगितलं, "लवू, बघू नको रे तिकडे." लवू म्हणाला, "मला काय दिसलंच नाही. जा तू."

काय सांगू तुम्हाला, त्या दुपारी नलूला झोप लागली. तोंड उघडं ठेवून लहान पोरासारखी झोपली. उठली तेव्हा म्हणाली, "बरा वाटता हो. गावच्या पानंदीत निजल्यासारख्या वाटला." दुसऱ्या दिवशी परत आणली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच विचारलं, "जावया मां?" चेहऱ्यावर जरा रंग दिसायला लागला. गुणाजीला वाटलं, निघाला हा मे. एवढा एक महिना निघाला, की गंगेत घोडं न्हालं.

कसलं न्हातंय!

सिक्युरिटीचा नवा सुपरवायझर नंदकिशोर. माणूस वाईट नव्हता, पण नवा होता, आणि नव्याला धाक दाखवावाच लागतो. त्याने येताच सगळ्यांना सांगितलं, "एक जण झोपलेला दिसला, तर त्या पॉइंटचा गार्ड घरी." आणि नेमकं त्याच आठवड्यात इमारतीला कसलंसं मोठं हरित मानांकन द्यायचं म्हणून बाहेरची मंडळी पाहणीला आली. सकाळी येणार म्हणून निरोप होता, सकाळ तशीच गेली, म्हणून गुणाजी निर्धास्त. ती उगवली भर दुपारी.

गुणाजीला काही कळायच्या आत काचेचं दार उघडलं. पुढे रुचिरा मॅडम, मागे ती सुटाबुटातली माणसं, आणि शेपटाला नंदकिशोर. मॅडम बोलत होत्या, "आणि ही जागा आम्ही आसपासच्या लोकांसाठी..." एवढ्यात त्यांची नजर कट्ट्यावर गेली. त्यांनी नलूला ओळखलं. त्यांच्याच डोळ्यांत ते दिसलं गुणाजीला. त्या थांबल्या, आणि पाहुण्यांना फवाऱ्यांकडे वळवून पुढे बोलायला लागल्या.

नंदकिशोर मात्र गुणाजीच्या कानाशी आला. "कोण आहे ती बाई? तुझ्या पॉइंटला झोपलीय! ओळखतोस?"

झालं. आता बोलायचं होतं. माझी बायको आहे साहेब, आजारी आहे, एवढंच. एवढंच बोलायचं होतं. पण मग नोकरी जाणार, नोकरी गेली की औषधं जाणार, आणि वॉचमनच नसला तर वॉचमनच्या बायकोला इथे उभं कोण करणार? हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम गरगरलं, आणि तोंडातून भलतंच निघालं. "नाही साहेब. आत्ताच आली असेल. उठवतो."

तो कट्ट्यापाशी गेला. मागोमाग नंदकिशोर. गुणाजीने वाकून, तिच्या अंगाला हात न लावता, कुणाही परक्या बाईला हाक मारावी तशी हाक मारली.

"ओ मावशी. उठा. इथे झोपायचं नाय, मावशी."

नलूने डोळे उघडले. आधी गुणाजीकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यामागे उभ्या साहेबाकडे. बाई हुशार हो. अर्ध्या झोपेत, चक्कर येत असताना तिला सगळं कळलं. ती हाताच्या आधाराने उठली, पदर सारखा केला, आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकलंय साहेबांनू. जातंय मी."

आणि गेली. झाडाला धरत, मग बाकाच्या दांड्याला धरत, मग फाटकाला. गुणाजीला पॉइंट सोडता येत नव्हता. रस्त्यात एक टेम्पो तिच्यासाठी कचकन थांबला, ड्रायव्हरने शिवी हासडली. भर उन्हात ती चाळीचा जिना चढताना गुणाजीने पाहिलं आणि त्याला वाटलं, आपल्याला जमिनीने गिळावं.

ड्यूटी संपल्यावर तो घरी पळत गेला. नलू लादीवर पाणी ओतून त्यात झोपली होती. डोळे लाल, पण शुद्धीवर. तो तिच्याशेजारी ओल्यातच बसला.

तिनेच विचारलं, "नोकरी ऱ्हवली मां?"

"ऱ्हवली."

"मगे झाला तर."

तो हुंदके द्यायला लागला. "नलू, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं गो. उद्या मी लवूला सांगतंय, मागच्या गेटाकडे जागा आसा, थंय कोण येवचा नाय..."

"मी येवचंय नाय."

"डॉक्टर काय म्हणालो, आठवता मां तुका?"

"आठवता." ती वर पत्र्याकडे बघत होती. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "तुमी मावशी म्हणालास आणि माका वाटला, मी मेलंय आणि हो माणूस माका वळखणा नाय. तसा परत नको. त्यापरास ऊन परवाडला."

त्याने पाय धरले तिचे. खरंच धरले. तिने काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दुपारी नंदकिशोरने गुणाजीच्या पाठीवर थाप मारली. "परब, काल झकास हॅन्डल केलंस हां. मॅडम काही बोलल्या नाहीत, पाहुणे पण खूश गेले." गुणाजीने हात उचलून सलाम केला. दुसरं काय करणार होता? मग पाठीमागच्या काचेवर ऊन आलं. त्याची ड्यूटीची जागा रस्त्याकडे तोंड करून होती, त्यामुळे समोर चाळ आणि चाळीतली त्याची खिडकी. बघता बघता खिडकी पेटल्यासारखी पांढरी झाली. आत नलू बसली आहे, निजली आहे की पडली आहे, हे तो टोपी कपाळावर ओढून, डोळे बारीक करून बघत राहिला, आणि त्या उजेडात त्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं.