पौनीकरकाकांची टॉर्च

पौनीकरकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांत पाहत नसत, तोंडात पाहत. पहिल्या भेटीत मी नाव सांगितलं, नवा रायपूरला ऑफिसात बाबू आहे हेही जरा ऐटीत सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "खालच्या दाढेले कॅप काहून नाही लावली रे?"

आमच्या दोघांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. रायपूरच्या सदर बाजारात, सोनारांच्या दुकानांवरच्या एका खोलीत काका दातांच्या कॅपा बनवत. डॉक्टर मापं पाठवत, काका त्यावर दात घडवत. "खालचे लोक गळ्यातलं करते, मी तोंडातलं," ते म्हणत. "माहं काम कोणी मिरवत नाही, एवढाच फरक."

माझ्या त्या दाढेचं रूट कॅनल होऊन आठ महिने झाले होते. दुखणं थांबलं, म्हणून मी कॅपचं टाळत होतो. काका बजावत, "दात बरा नाही झाला, बाबू. मेला तो. मेलेला दात ओरडत नाही, सीधा फुटते."

पोळ्याला शेजारच्या दीदींनी ठेठरी, म्हणजे बेसनाची तळलेली कडक कडबोळी, पाठवली. पहिल्याच घासाला कडकन आवाज आला. ठेठरी छान कडक झालीय असं म्हणत मी स्वतःच्या दाढेचा तुकडा बराच वेळ आवडीने चावत होतो.

मूळ शाबूत होतं म्हणून निभावलं. कॅप बसवायच्या दिवशी काका स्वतः दवाखान्यात आले. चावा नीट बसतो का ते पाहायला डॉक्टरांनी दातांत निळा कागद धरला आणि काका मागून म्हणाले, "टकटक कर. अजून कर. शरमतो काय?" मग घरी आणून दातांच्या फटींतून सफाईचा दोरा कसा फिरवायचा ते शिकवलं. "कॅपले कीड नाही लागत, पण तिच्या कडेखालच्या दाताले लागते. तिथंच सफाई पाहिजे." रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "दोरा फिरवला का?" मी ओरडायचो, "हव काका!" दहातले सात वेळा ते खोटं असायचं.

एका सकाळी हाकेऐवजी टॉर्च आली. "मले जरा पाहून सांग. जिभेच्या कडेले घासून राहिलं. माही जुनी कॅप आहे तिथं."

मी टॉवेलवर होतो आणि बस गाठायची होती. टॉर्च मारली. मसुराएवढी जखम दिसली, लालसर, कडेने पांढरी. मला विनोद सुचला. तो सुचला की मी थांबत नाही. "काका, तुमच्याच मालात खोट! घासून टाका."

ते हसले. "हव, तसंच असन."

त्यांनी लॅबच्या मशीननं, आरशात पाहून, स्वतःची कॅप स्वतःच घासली. तीन आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी टॉर्च हातातही घेतली नाही. "अजून घासा," म्हटलं. पंधरा दिवसांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवायची, हे याच माणसानं मला दहादा सांगितलं होतं. तंबाखू सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, आणि काय निघेल याची त्यांना भीती होती. "काही नाही" म्हणणारा कोणीतरी हवा होता. तो मी झालो.

चार महिन्यांनी ती कॅप दातासकट काढली. जखम तशीच राहिली. मग तपासणी झाली. मग अर्धी जीभ गेली, जबड्याचा तुकडा गेला, आणि बोलणं गेलं.

मी तिकडे फिरकलो नाही. शेवटी काकूच भिंतीशी आल्या. "येत काहून नाही, भाऊ? रोज तुमच्या घराकडे बोट दाखवते ते." काका जायच्या नऊ दिवस आधीची ती दुपार.

ते खिडकीशी बसले होते. मी सुरुवात केली, "काका, त्या दिवशी मी..." त्यांनी हातानं थांबवलं, उशीखालून टॉर्च काढली आणि माझ्या हनुवटीला बोट लावलं. मी तोंड उघडलं.

आधी त्यांनी माझी कॅप पाहिली. दोरा महिनाभर फिरला नव्हता. त्यांना लगेच कळलं, मान हलली. झालं असं वाटून मी तोंड मिटू लागलो. त्यांनी मिटू दिलं नाही. एक गाल ओढून पाहिला, मग दुसरा. जीभ वर करायला लावली. या कडेनं, त्या कडेनं, मग टाळू. उजेड सावकाश फिरत होता. काकूंनी चहा ठेवला, त्यावर साय धरली, तरी ते पाहतच होते. माझा जबडा भरून आला. त्यांच्या तोंडात मी चार सेकंद पाहिलं होतं.

सगळं तपासून त्यांनी ठीक असल्याची खूण केली. टॉर्च विझवली, माझ्या हातात ठेवली, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मी चहाच्या कपात पाहत राहिलो.