गाडी मोफत तपासून मिळेल

वकिलीत दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. अशील येतो, जिंकतो किंवा हरतो, निघून जातो. किस्सा मात्र आपल्याकडेच ठेवून जातो आणि परत न्यायला येत नाही! नांदेडच्या आमच्या ग्राहक मंचात टीव्ही, फ्रीज, बियाणं, विमा अशा सगळ्या खात्यांचे किस्से आहेत. पण चार मित्र जमले की फर्माईश होते ती एकाच केसची, शिवराजच्या पिकअपची.

आधीच सांगून ठेवतो, या केसमध्ये कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. अशिलाचा वकिलावर नाही, वकिलाचा अशिलावर नाही, कंपनीचा दोघांवर नाही आणि सासऱ्याचा तर सख्ख्या पोरावरही नाही. माझे सीनियर बिराजदार साहेब मूळचे उदगीरचे. त्यांचं म्हणणंच असायचं, "जो माणूस लगेच विश्वास ठेवतो, त्याचा आधी संशय घ्यावा!" दुष्काळाचं वर्ष होतं, तर ते कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही सोडायचे नाहीत. "पाणी कुठल्या टँकरचं?" तो म्हणायचा, "साहेब, चांगलं उकळलंय." "मी ते विचारलंच नाही!" असं म्हणून साहेब अर्धाच चहा प्यायचे.

*

शिवराज नांदेडजवळच्या लोह्याकडचा. छोटा पिकअप स्वतःचा आणि ड्रायव्हरही स्वतःच. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. त्या उन्हाळ्यात पिकअपवर प्लास्टिकची टाकी ठेवून तो गावोगाव पाणी पोचवायचा. एका सकाळी जळकोटच्या अलीकडच्या उतारावर त्यानं स्टिअरिंग वळवलं, ते गरागरा फिरलं, पण चाकं काही वळली नाहीत. गाडी सरळ नाल्यात! शिवराजचा हात मोडला आणि शेजारी बसलेल्या मेहुण्याचा, संगूचा, पाय.

पोलिसांनी लिहिलं, भरधाव आणि निष्काळजीपणे चालवली. गाव म्हणालं, डुलकी लागली असेल. सासरे विश्वनाथअप्पा, उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते, ते एका शब्दात म्हणाले, "पिला!" संगू बिचारा प्लास्टरमधून सांगून दमला की दाजींनी चहासुद्धा घेतला नव्हता. अप्पा त्याला म्हणाले, "मग तू बी पिला असशील!" आणि लेकीला, महानंदाला, माहेरी घेऊन गेले. चूक गाडीची होती असं कोर्ट म्हणेल तेव्हाच ती नांदायला येईल, असं चारचौघांत सांगितलं.

शिवराज दवाखान्यात खाटेवर पडलेला असताना त्याला कंपनीचा फोन आला. गोड आवाजात एक बाई म्हणाली, "सर, ग्राहक सेवा पंधरवड्यात आपली गाडी मोफत तपासून मिळेल. कधी घेऊन येता?"

शिवराज म्हणाला, "म्याडम, गाडी पोलीस ठाण्यात हाय आन् मी दवाखान्यात. आधी कुणाला तपासता?"

बाईंनी फोन ठेवला. पण शिवराजच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गाडी घेतल्यापासून ज्या कंपनीनं कधी खुशाली विचारली नाही, तिला आजच फुकटात काहून आठवण यावी? प्लास्टर निघायच्या आधीच तो आमच्याकडे आला.

*

बिराजदार साहेबांनी त्याला नीट समजावलं. "हे बघ, तुझ्यापुढं वाटा तीन. पोलीस केस आहे, ती लढून सुटायचं. मेहुण्याच्या पायासाठी अपघात न्यायाधिकरण आहे, तिथं त्यानं भरपाई मागायची. आणि गाडीत मुळातच खोट होती, कंपनीला ती ठाऊक होती, असं म्हणायचं असेल तर इथं ग्राहक मंच. पण इथं नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं."

शिवराजनं सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "ते समदं ठीक हाय. पण साहेब, तुमी कंपनीचे तर न्हाईत ना?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. उठून बाहेर गेला, झाडाखालच्या गाड्यांची रांग बघून आला आणि विचारलं, "ती काळी मोटारसायकल कुणाची?"

माझी होती आणि नेमकी त्याच कंपनीची होती! मी सांगायला लागलो की मोटारसायकल वेगळी, पिकअप वेगळा. शिवराज हात जोडून म्हणाला, "ज्याच्या गाडीवर बसून राहिले, त्याच्याच इरोधात बोलताल का साहेब?"

मला वाटलं साहेब त्याला झापतील. साहेब म्हणाले, "अशिलाचा मुद्दा बरोबर आहे." झालं! त्या दिवसापासून शिवराजच्या तारखेला मी साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून कोर्टात यायचो. शिवराज गेटवर उभाच असायचा. पहिल्या तारखेला त्यानं स्कूटरला मागून पुढून चक्कर मारली, मान डोलावली आणि मग माझ्या डोक्याकडे बघत विचारलं, "हेल्मेट कोणत्या कंपनीचं हाय?"

*

आता दाखवायचं कसं? शिवराजची गाडी पार चेंदामेंदा. तेवढ्यात आम्हाला सापडले कंधारचे कदम गुरुजी. त्यांच्याकडे त्याच मॉडेलचा पिकअप होता आणि त्यांनाही तो गोड आवाजातला फोन गेला होता.

गुरुजी आम्हा सगळ्यांचे गुरू! फुकट तपासणी म्हटल्याबरोबर त्यांनी ओळखलं की हे लोक आपल्या गाडीचे चांगले पार्ट काढून घेणार आणि भंगार बसवून देणार. आमच्याकडे सर्व्हिसिंगला गाडी देताना शहाणी माणसं बॅटरीवर खूण करून देतात. गुरुजींनी बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली, गाडीखाली सतरंजी टाकली आणि दिसेल त्या पार्टावर लाल ठिपका दिला. बॅटरी, स्टेपनी, हॉर्न, आरसे, स्टिअरिंगचा जॉइंट, काहीही सोडलं नाही. गुरुजींच्या सौभाग्यवतींनी त्या वर्षी संक्रांतीला नखं रंगवली नाहीत.

संध्याकाळी गाडी वापस मिळाली. गुरुजींनी तिथेच सतरंजी टाकली, टॉर्च लावला आणि गाडीखालून ओरडले, "चोर! स्टिअरिंगचा जॉइंट बदलला!"

वर्कशॉपमध्ये पंधरा-वीस गिऱ्हाइकं उभी. मॅनेजर धावत आला. गुरुजी ऐकेनात. "माझा ओरिजिनल जॉइंट द्या, न्हाईतर पोलिसात जातो!" शेवटी मॅनेजरचा तोल सुटला. तो सगळ्यांदेखत किंचाळला, "अहो गुरुजी, तो बदलायलाच तर बोलावलं होतं! ह्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांचा तोच जॉइंट बदलायचा हुकूम आहे वरून!"

मंचात साक्ष देताना गुरुजींनी हे जसंच्या तसं सांगितलं. कंपनीच्या वकिलानं खोचकपणे विचारलं, "म्हणजे कंपनीनं तुम्हाला नवा पार्ट फुकट दिला, हे मान्य आहे ना?"

गुरुजी म्हणाले, "मान्य आहे. पण माझा जुना अजून दिला नाही!"

*

कंपनीचा वकील बाहेरून यायचा, एसी गाडीतून. माणूस हुशार. त्यानं आधी सांगितलं की पिकअप धंद्याची गाडी, सबब शिवराज ग्राहकच नव्हे. साहेबांनी उत्तर दिलं, "धंदा शेठ करतात. हा स्वतः चालवून पोट भरतो. कायद्याला हा फरक कळतो." अध्यक्षांनी मान हलवली.

मग त्यानं हद्द काढली. गाडी नांदेडला घेतली, पण अपघात लातूर जिल्ह्यात, सबब केस लातूरला चालवा. त्या दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा होणार, इकडे किनवट होणार, अशा वावड्या रोज उठायच्या. आमचे साहेब उदगीर जिल्हा कृती समितीत. म्हणजे बाहेर मांडवात बसून लातूर तोडा म्हणायचे आणि आत मंचात केस नांदेडचीच म्हणायचे!

कंपनीच्या वकिलानं ही गंमत हेरली. अध्यक्षांना म्हणाला, "सर, उद्या नवा जिल्हा झाला तर ही केस कुठं जाणार, हे बिराजदार साहेबांनाच विचारा."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, जिल्हा पाण्याच्या आधी येणार की नंतर ते आधी कळू द्या. गाडी नांदेडला घेतली आहे ना? चालवा इथंच."

बाहेर आल्यावर शिवराजनं साहेबांना बाजूला घेतलं. चेहरा काळजीनं काळवंडलेला. "साहेब, एक खरं सांगा. माझी केस लांबावी म्हनून तर कंपनी नवा जिल्हा काढून राहिली नसंल?"

*

मग कंपनीनं शेवटचा डाव टाकला. गाडी ओव्हरलोड होती, टाकी पाण्यानं गच्च भरलेली होती, म्हणून स्टिअरिंग गेलं. हे सिद्ध करायला एक इंजिनिअर, नाल्यातून काढून शिवराजच्या गावी आणून ठेवलेली ती टाकी मोजायला आला. मी सोबत होतो. पांढरी जीप, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी आणि गाडीत पाण्याचे जार.

त्यानं पारावर विचारलं, "शिवराज यांची टाकी कुठे आहे?"

पारावरचा म्हातारा म्हणाला, "टाकी? आमच्या गावात टाकी न्हाई."

समोरून येणारी बाई म्हणाली, "टाकी म्हंजे काय ओ?" तिच्या डोक्यावर घागर होती. सरपंचांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की या गावात कुणाकडे तांब्याभर पाणी साठवायलाही भांडं नाही. इंजिनिअर गल्लीबोळ फिरला. एवढी हजार लिटरची काळी टाकी, पण छे! शेवटी टाकी आढळली नाही असं लिहून तो निघून गेला.

मी थक्क झालो. अख्खं गाव शिवराजसाठी उभं राहिलं, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले, अगदी खरं सांगतो. मी सरपंचांचा हात हातात घेऊन म्हणालो, "तुम्ही शिवराजला वाचवलं!"

सरपंच गोंधळले. "शिवराजला? ते टँकर बंद करणारे तपासणीवाले नव्हते का? टाकी दिसली की खेपा कमी करतेत म्हनून आमी ती कडब्याखाली घातली!"

साहेबांना हे सांगितलं, तर त्यांनी शिवराजला बोलावून तोंडावर विचारलं, "अपघाताच्या वेळी टाकी भरलेली होती की रिकामी?"

"रिकामी होती साहेब. भरायलाच चाल्लो होतो," शिवराज म्हणाला आणि गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. साहेबांनी त्यानंतर पुन्हा विचारलं नाही. या जन्मात त्यांनी एवढा विश्वास दुसऱ्या कुणावर ठेवलेला मी पाहिला नाही.

*

निकाल दुसऱ्या उन्हाळ्यात लागला. गाडीत मूळचा दोष होता, कंपनीला तो माहीत होता, ड्रायव्हरचा काही दोष नाही. ऐकल्यावर शिवराज एकच वाक्य बोलला, "उदगीरला चला साहेब. मामा माझं ऐकनार न्हाईत."

आम्ही तिघं गेलो. विश्वनाथअप्पा दुकानाच्या गादीवर बसलेले होते. साहेबांनी निकाल वाचून दाखवला. अप्पांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "कोर्टाचं काय सांगता? वकील चांगला भेटला की पिलेला बी सुटतो. गाडीत काय खोट नव्हती. मानसात होती."

शिवराजनं मान खाली घातली. वर्षभरात इतका खचलेला मी त्याला पाहिला नव्हता. आतल्या दारात महानंदा उभी होती, तिच्या मागं लंगडणारा संगू. मला अप्पांचा भयंकर राग आला, पण त्यांच्याच दुकानात बसून बोलणार काय?

साहेब मात्र खिडकीतून मागच्या अंगणात बघत होते. पत्र्याच्या शेडखाली एक पिकअप उभा होता. शिवराजचा होता तेच मॉडेल, तोच रंग. हौद्यात कडबा रचलेला, बोनेटवर कोंबड्या, चारी चाकांतली हवा गेलेली.

"ही गाडी कुणाची अप्पा?"

"आमचीच. जावयानं आन् मी जोडीनं घेतल्या होत्या."

"बंद पडली का?"

"बंद काहून पडंल? हवा भरली की एका सेल्फमधी चालू होती!"

"मग तुमचा माल भाड्याच्या टेम्पोतून का जातो?"

अप्पा म्हणाले, "डायवर भेटत न्हाई."

साहेबांनी निकालाची घडी घातली. "ठीक आहे. कोर्ट खोटं, तुम्ही खरे. तुमची गाडी उत्तम आहे. मग असं करा, चाकांत हवा भरा आणि लेकीला याच गाडीत बसवून लोह्याला पाठवा. शिवराज चालवणार नाही, तुमचा संशय नको. हे आमचे वकील चालवतील."

मला चारचाकी येत नव्हती. पण सीनियर बोलत असताना मध्ये बोलायची आमच्यात पद्धत नाही.

महानंदा दारातून निघाली, आमच्यापुढून अंगणात गेली, कोंबड्या हाकलल्या आणि पिकअपच्या दाराला हात घातला.

"हात काढ!" अप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मोंढ्यातले हमाल थांबून बघायला लागले.

महानंदानं हात काढला नाही. ती नुसती बापाकडे बघत राहिली. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "जा, बॅग भर."

आणि पहिल्यांदाच शिवराजकडे तोंड करून म्हणाले, "जावईबापू, एस्टीनं जावा."