निवेदनातला एक परिच्छेद

सातपूरच्या एका कारखान्यात भिमाजी सत्तावीस वर्षं लेथवर आहे. बोलणं कमी, काम चोख. थोरली मुलगी संजना बी.कॉम. झाली आणि थायलंडला डेटा एन्ट्रीच्या नोकरीवर निघाली, तेव्हा त्यानं कॉलनीत पेढे वाटले होते.

विमानतळावरून तिला गाडीत घालून सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये नेलं. पासपोर्ट काढून घेतला. कुंपणाआडच्या इमारतीत बसवून ऑनलाइन लोकांना फसवण्याचं काम लावलं. रविवारी दोन मिनिटं घरी बोलू देत, तेही कोणी शेजारी उभं असताना. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. पण मुलगी परमुलखात, आमच्या हातात काही नाही, म्हणाले.

मग एका सकाळी पेपरात आलं, की आग्नेय आशियातल्या देशांच्या प्रमुखांची वार्षिक शिखर परिषद भरतेय. विषयपत्रिकेत व्यापार, समुद्री हद्दी आणि सायबर फसवणुकीचे अड्डे. भिमाजीनं बायकोला ते दोनदा वाचून दाखवलं.

"विमला, आपल्या संजूचा विषय निघणारे. खुद्द पंतप्रधान लोक बसणार आहेत."

त्यानं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. शेजारची राखी शाळेत शिकवते. तिनं त्याचं इंग्रजी करून परिषदेच्या पत्त्यावर ईमेल केला. मिनिटभरात पोच आली. भिमाजीचा चेहरा उजळला. ती पोच यंत्रानं आपोआप धाडलेली आहे, हे सांगायला राखीची जीभ रेटेना.

परिषदेच्या दिवशी त्यानं रजा टाकली. टीव्हीवर सगळे नेते रांगेत एकमेकांचे हात धरून हसत होते. अर्ध्या मिनिटात क्रिकेट सुरू झालं. संध्याकाळी राखीनं मोबाईलवर संयुक्त निवेदन शोधलं. बरंच खाली एक परिच्छेद सापडला.

"'गंभीर चिंता व्यक्त करण्यात आली. परस्पर सहकार्य बळकट करण्याचं ठरलं.'"

"पुढं?"

"पुढं पर्यटनाचा मुद्दा आहे, काका."

"पोरांना सोडवणार कधी, ते?"

"ते नाही लिहिलेलं."

विमलाबाई उठून आत गेली.

रविवारी संजनाचा फोन आला. "पप्पा, काही झालं का?"

"झालं ना बाळा. मोठमोठ्या लोकांनी तुमचा विषय काढला."

"मग कधी?"

पलीकडे कोणी तरी ओरडलं आणि फोन कट झाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता नंबर बंद लागतो.

भिमाजी शिफ्टला जातो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकशाही दिनाच्या तक्रारींच्या रांगेत उभा राहतो. तिथल्या बाई त्याचं नीट ऐकून घेतात आणि 'वरिष्ठांकडे पाठवले आहे' असा कागद देतात. घरी विमलाबाई विचारते, "काय म्हणाले?" तो कागद वाचून दाखवतो.

परवा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "काल तिचा वाढदिवस होता, अहो."

त्याला ते ठाऊक होतं. त्यानं कागदाची घडी घातली आणि आधीच्या कागदांवर ठेवली.