रुमालाआडचे ओठ

ऑर्व्हिल हॅस्केट सव्वीस वर्षं हॉलिवूडमध्ये मरत होता. कधी गुत्त्यात, कधी घोड्यावरून पडून. लवकर मेला की घरी जेवायला मोकळा. मी स्टुडिओत कपडेपट सांभाळायचे, त्याच्या शर्टांची भोकं मीच शिवली. म्हणून सांगते, एवढा गुणी आणि एवढा करंटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचा एक कान आधीच अधू होता. मी सांगते त्या सोमवारच्या तीन वर्षं आधी कुण्या गाढवाने दुसऱ्या कानाशी पिस्तुलाचा बार काढला. गोळी नव्हती, नुसती दारू, पण तोही कान गेला. हे फक्त त्याच्या बायकोला आणि मला माहीत होतं. तो सगळ्यांचे संवाद पाठ करून यायचा आणि समोरच्याचे ओठ वाचायचा. बाहेर कळलं असतं तर फाटकातूनही आत घेतला नसता.

त्या सोमवारी टेलिव्हिजनच्या नव्या मालिकेसाठी त्याची चाचणी होती. शेरिफची, म्हणजे गावच्या फौजदाराची भूमिका. आता मरायचं नाही, दर आठवड्याला जगायचं. पण समोरचा दरोडेखोर, ड्वेन, तोंडाला रुमाल बांधून बोलणार, हे सकाळी कळलं आणि ऑर्व्हचा चेहरा पडला.

"व्हर्ना, याचे ओठ कसे वाचू गं?"

"सगळं पाठ आहे ना तुला?"

"आहे. पण हा ड्वेन मनाला येईल ते मध्येच घुसडतो. त्याचं बोलणं संपलं, हे मला कळणार कसं?"

मी घाईघाईने पातळ रुमाल शिवला. दिग्दर्शक प्रुइटसाहेबांनी तो पाहिला. "हा दरोडेखोर आहे की नवरी?" म्हणाले आणि जाड बांधायला लावला.

मग मी ड्वेनला गाठलं. "बोलून झालं की उजवं कोपर वर घे. कोट छान दिसतो." धडधडीत खोटं.

"व्हर्नाबाई, आता अभिनयही तुम्हीच शिकवणार?"

"अभिनय तुझा तू बघ रे बाबा, मला माझ्या कोटाचं पडलंय."

तो हसला, बरं म्हणाला. ही खूण मी ऑर्व्हला सांगून ठेवली.

कॅमेरा सुरू झाला. ड्वेन बोलला, वर पदरची दोन वाक्यं घातली आणि थांबला. कोपर खालीच. विसरला मेला. ऑर्व्ह त्याच्याकडे बघत उभा. बोलेना. थांबवायला साहेबांचा हात वर जायला लागला.

तेवढ्यात ऑर्व्हच्या पाठीमागे एका घोडेस्वाराच्या हातून चुकून बार उडाला. घोडा उधळला, दिवेवाला शिडीवरून पडता पडता राहिला. ड्वेन दचकला आणि त्याचं कोपर वर गेलं.

ऑर्व्हची पापणीही हलली नाही. "झालं बोलून?" तो शांतपणे म्हणाला. "मग आता हात वर."

प्रुइटसाहेब खुर्चीतून उठले. "पाठीशी बार उडाला आणि हा हलला नाही. हाच माझा शेरिफ."

कपड्यांच्या खोलीत ऑर्व्ह बिल्ला काढत होता. "कोपर फार उशिरा उचललं गं त्याने. मला वाटलं, संपलो."

मी त्याच्या समोर बसले आणि सावकाश म्हणाले, "बार उडाला, ऑर्व्ह. तुझ्या मागेच."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "मोठा होता?"

"घोडा उधळला."

टोपी मांडीवर ठेवून तो ढसाढसा रडला. मलाही राहवलं नाही.

मालिका चार वर्षं चालली. साहेबांनी प्रत्येक भागात त्याच्या पाठीमागे एक बार घातला आणि शेरिफ कसा दचकत नाही, याचं लोकांना कोण कौतुक. बार झाला, हे त्याला दर वेळी मी सांगायचे.