विसळायचं पाणी

नाशिकजवळच्या एका सेंद्रिय द्राक्षमळ्यात, घरच्या माणसांनीच केलेली ड्राय व्हाइट वाइन चाखायला आम्ही चौघे बसलो होतो. मळ्याच्या मालकीणबाईंनी आधी ग्लास विसळायला घोटभर पाणी ओतलं. आमच्यातल्या एका साहेबांनी तेच गोल फिरवलं, ग्लासात नाक खुपसलं आणि डोळे मिटून चाखलं. “हिरवं सफरचंद,” ते म्हणाले, “आणि मागून ओला दगड.”

असल्या माणसांची मला किळस येते. जिभेला काही कळायच्या आधीच यांचे शब्द तयार असतात. वाइन असो, गाणं असो, नाहीतर दुसऱ्याचं दुःख.

बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, ते आमच्या विहिरीचं पाणी आहे. बाटली अजून उघडायचीय.”

सगळे हसले. मला हसता येईना. माझ्याही तोंडात घोट होता, आणि तो सफरचंदासारखा लागत होता.